मेंदूला आवर घालणारे निरोप

कोकणातल्या रानातून हिंडताना काजऱ्याचे झाड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. नारिंगी रंगाची, गोल, लहानशा संत्र्यासारखी फळे आणि आत चपट्या, बटणासारख्या, रेशमी लव असलेल्या बिया. बाजारात या बीला कुचला म्हणतात. वैद्य ती शुद्ध करून अगदी अल्प प्रमाणात औषधात घालतात. पण कच्ची बी वाटून पोटात गेली तर माणूस ज्या रीतीने मरतो ती रीत पाहणाऱ्याला जन्मभर विसरता येत नाही. जबडा आवळतो, पाठ कमानीसारखी मागे वळते, हातपाय लाकडासारखे ताठ होतात. कुणी दार आपटले, अंगावरून नुसते पांघरूण सरकवले, तरी सर्वांगाला पुन्हा आचका येतो. आणि हे सर्व होत असताना रोगी शुद्धीवर असतो, हा त्यातला सर्वांत भयंकर भाग.

आता दुसरे चित्र पाहा. पायात गंजका खिळा रुततो, किंवा नवजात बाळाची नाळ अस्वच्छ विळ्याने कापली जाते. काही दिवसांनी तोच आवळलेला जबडा, तीच वाकलेली पाठ, जरा आवाज होताच येणारा तोच आचका. आपल्या लोकांनी या रोगाला नाव दिले धनुर्वात. शरीर धनुष्यासारखे वाकते म्हणून धनुर्वात.

श्रोतेहो, एक विष झाडाच्या बीमधले आणि दुसरे मातीतल्या जंतूचे. एकमेकांशी त्यांचे काही नाते नाही. मग दोघांची लक्षणे इतकी सारखी कशी? पहिल्या नजरेला वाटते की, ही विषे स्नायूंना काहीतरी जादा जोर देत असावीत. खरी गोष्ट नेमकी उलट आहे. ती शरीराला काही देत नाहीत. शरीराजवळचे काहीतरी काढून घेतात. काय काढून घेतात, हे समजायला माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली. तीच हकीकत आज मी आपल्याला सांगणार आहे.

मज्जातंतू म्हणजे हुकूम वाहून नेणारी तार, अशी जुनी समजूत होती. मेंदूने हुकूम द्यावा, तंतूने तो पोचवावा, स्नायूने आकुंचन पावावे. तंतू चेतवला की काम सुरू झालेच पाहिजे. तंतू चेतवल्यावर काम थांबेल, ही कल्पनाच कुणाला शिवली नव्हती. १८४५ साली वेबर आडनावाच्या दोन जर्मन भावांनी, एर्न्स्ट आणि एडुआर्ड यांनी, बेडकाच्या हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूला विजेचे धक्के दिले. हृदय जोराने उडू लागण्याऐवजी संथ झाले आणि मग चक्क थांबले. धक्के बंद केले तेव्हा ते पुन्हा चालू झाले. नेपल्स शहरी शास्त्रज्ञांच्या सभेत हा प्रयोग सांगितला गेला तेव्हा सहजासहजी कुणाला पटणे कठीण होते. पण पुढे ज्याने ज्याने प्रयोग केला त्याला तेच दिसले. थांबवण्याचा हुकूम नेणारेही तंतू असतात, एवढे त्या दिवसापासून कळले.

पण ही झाली हृदयाची गोष्ट. खुद्द मेंदूच्या आत असा आवर असतो का? याचा शोध घेतला इव्हान सेचेनोव्ह नावाच्या तरुण रशियन वैद्याने, १८६२ साली, पॅरिसमध्ये क्लॉद बर्नार यांच्या प्रयोगशाळेत. बेडकाचा पाय सौम्य आम्लात बुडवला की तो थोड्या वेळाने पाय आखडून घेतो. किती वेळाने, हे मोजता येते. सेचेनोव्ह यांनी बेडकाच्या मेंदूच्या एका विशिष्ट भागावर मिठाचा खडा ठेवला. पाय तसाच आम्लात राहिला, उचलायला पुष्कळ उशीर झाला. खडा काढून जागा धुतली, की पाय पुन्हा पूर्वीसारखा उचलला जाऊ लागला. म्हणजे मेंदूचा तो भाग चेतवला असता खालची प्रतिक्षिप्त क्रिया दाबली जात होती. सेचेनोव्ह एवढ्यावर थांबले नाहीत. आपण मनात आलेला विचार बोलून न दाखवता गप्प बसतो, रागाचा हात वर उचलत नाही, तो याच आवरामुळे, असे त्यांनी १८६३ साली लिहिले. हे लिखाण १८६६ साली पुस्तकरूपाने निघाले, तेव्हा झारच्या सेन्सॉरने त्याची विक्री अडवून धरली. वर्षभराने ते सुटले. बेडकाच्या पायावरून माणसाच्या संयमापर्यंत जाणारा माणूस सरकारला धोक्याचा वाटला, यात नवल ते काय?

या आवराचा पक्का पाया घातला इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी. त्यांचा मुद्दा अगदी आपल्या रोजच्या हालचालीतला आहे. विहिरीवर पोहरा वर ओढताना आपण कोपर वाकवतो. तेव्हा दंडाच्या पुढचा स्नायू आकुंचन पावतो हे कुणीही सांगेल. पण त्याच क्षणी दंडाच्या मागचा, हात सरळ करणारा स्नायू सैल पडला पाहिजे. तो सैल पडला नाही तर दोघांची ओढाताण होऊन हात जागच्या जागी ताठेल. शेरिंग्टन यांनी दाखवले की, हा मागचा स्नायू आपोआप सैल पडत नाही, तर मज्जारज्जूमधून त्याच्या पेशींना थांबण्याचा हुकूम जातो. एका बाजूला 'चल', त्याच क्षणी दुसऱ्या बाजूला 'थांब'. घाटात भरली गाडी उतरवणारा गाडीवान ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे पटकन समजेल. बैलांना हाकण्यापेक्षा कासरा खेचून धरण्यातच त्याचे खरे काम असते.

मग १९०५ च्या सुमारास लिव्हरपूलला काम करताना शेरिंग्टन यांनी कुचल्याचे विष हाताशी घेतले. या विषाचे शुद्ध स्वरूप, म्हणजे स्ट्रिक्निन, पेलेतिए आणि काव्हांतू या दोन फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी १८१८ सालीच वेगळे काढले होते. शेरिंग्टन यांना दिसले की, प्राण्याला स्ट्रिक्निन दिल्यावर जो हुकूम एरवी स्नायूला सैल करीत असे तोच आता त्याला आवळू लागतो. धनुर्वाताच्या विषानेही तसेच झाले. 'थांब'चा 'चल' झाला! मग पुढचा व मागचा, दोन्ही स्नायू एकदम खेचू लागतात. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बलवान, म्हणून पाठ कमानीसारखी वळते. आपण सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळाले. ही विषे काढून घेतात तो कासरा. १९३२ साली शेरिंग्टन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण कासरा कशाचा बनला आहे, हे त्यांनाही सांगता आले नव्हते.

दोन मज्जापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये अतिशय अरुंद फट असते. निरोप ही फट कसा ओलांडतो? यावर दोन पक्ष पडले. एक म्हणे, विजेची ठिणगी उडते. दुसरा म्हणे, एक पेशी थोडे रसायन सोडते आणि ते पलीकडे जाऊन पोचते. रसायनवाल्यांच्या बाजूने पहिला भक्कम पुरावा ऑस्ट्रियातल्या ग्राट्स गावी ऑटो लोवी यांनी १९२१ साली प्रसिद्ध केला. प्रयोगाची कल्पना त्यांना स्वप्नात सुचली. रात्री उठून कागदावर खरडले, सकाळी स्वतःचे अक्षर स्वतःला लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न पडले तेव्हा मात्र ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या एका हृदयाचा व्हेगस तंतू चेतवून ते संथ केले. त्याच्याभोवतीचे खारे पाणी दुसऱ्या हृदयाला दिले. दुसरे हृदयही संथ झाले, कुठलाही तंतू न चेतवता. पाण्यातून काहीतरी गेले होते. म्हणजे थांबण्याचा हुकूम ही एक वस्तू आहे, बाटलीत भरता येईल अशी.

तरीही मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या बाबतीत ठिणगीपक्ष हार मानायला तयार नव्हता. त्या पक्षाचे खंदे पुरस्कर्ते होते जॉन एकल्स, मूळचे मेलबोर्नचे, शेरिंग्टन यांचेच शिष्य. रसायनपक्षाच्या सर हेन्री डेल यांच्याशी सभांतून त्यांचे कडाक्याचे वाद होत. दोघांची मैत्री मात्र शाबूत होती. युद्धाच्या अखेरच्या काळात एकल्स न्यूझीलंडच्या ड्युनेडिन गावी प्राध्यापक झाले. तिथे त्यांची गाठ कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाशी पडली. पॉपर यांचे सांगणे असे की, आपली कल्पना खोटी ठरली तर त्यात शास्त्रज्ञाची नामुष्की नाही. उलट ती खोटी ठरेल तर कशाने ठरेल, हे त्याने आधीच स्पष्ट सांगून ठेवावे. एकल्स यांनी ते मनावर घेतले. थांबवण्याचा हुकूम विजेने जात असेल तर पेशीच्या आत विजेचा दाब अमुक दिशेने बदलेल, असे त्यांनी मांडून ठेवले.

ऑगस्ट १९५१. ब्रॉक व कूम्ब्स हे दोन सहकारी बरोबर. केसापेक्षा कितीतरी बारीक टोकाची काचेची नळी भूल दिलेल्या मांजराच्या मज्जारज्जूतील एका पेशीत अलगद शिरवली. स्वस्थ पेशीच्या आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. हा ऋणभार पुरेसा कमी झाला म्हणजे पेशी चेतते आणि निरोप पुढे धाडते. आता थांबवणारा तंतू चेतवला. पडद्यावरची रेघ हलली, पण एकल्स यांनी सांगितलेल्या दिशेने नव्हे, बरोबर उलट. पेशी अधिक ऋण झाली. पेशी चेतण्यापासून आणखी दूर ढकलली गेली होती. विजेच्या कल्पनेने याचा उलगडा होईना. रसायनाच्या कल्पनेने लगेच झाला.

आयुष्याची पंधरावीस वर्षे ज्या मतासाठी भांडण्यात गेली ते मत एका प्रयोगात कोसळले. एकल्स यांनी काय करावे? यंत्रात दोष काढता आला असता, प्रयोग पुढे ढकलता आला असता. त्यांनी तसे काही केले नाही. आपला निष्कर्ष आपल्याच जुन्या मताला खोटे पाडतो, असे १९५२ साली छापून मोकळे झाले आणि उरलेले आयुष्य रसायनपक्षाचे काम करीत राहिले. १९५५ साली कूम्ब्स आणि फॅट यांच्याबरोबर त्यांनी पुढचा उलगडा केला. थांबण्याचा हुकूम आला की पेशीच्या पापुद्र्यात बारीक दारे उघडतात आणि त्यांतून मुख्यतः क्लोराइड, म्हणजे आपल्या मिठातलाच एक भाग, जा-ये करतो. क्लोराइडवर ऋणभार असतो, म्हणून तो आत शिरला की पेशी अधिक ऋण होते. १९६३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामासाठी.

हुकूम रसायनाने जातो हे ठरले. पण ते रसायन कोणते? इथे हकीकत जरा मागे न्यावी लागेल. १९५० साली अमेरिकेत यूजीन रॉबर्ट्स आणि सॅम फ्रँकेल उंदरांच्या अवयवांतील ॲमिनो आम्ले तपासत होते. शोषक कागदावर अर्काचा थेंब वर चढवायचा, मग रंग उमटवणारे द्रव्य फवारायचे. जितकी आम्ले तितके जांभळे ठिपके. मेंदूच्या अर्कात एक ओळखू न येणारा मोठा ठिपका दिसला. इतर अवयवांत तो जवळजवळ नव्हताच. ते द्रव्य निघाले गॅमा-अमिनोब्युटिरिक आम्ल. नाव लांबलचक, म्हणून सारे जग त्याला 'गाबा' म्हणते. रसायनशास्त्रज्ञांनी ते एकोणिसाव्या शतकातच तयार केले होते. बटाट्यातही ते सापडले होते. पण मेंदूत ते कशासाठी, हे कुणालाच सांगता येईना.

त्याच सुमारास ऑस्ट्रियाचे एर्न्स्ट फ्लोरी वेगळ्याच वाटेने चालले होते. क्रेफिश नावाचा गोड्या पाण्यातला, शेवंडीच्या जातीचा एक प्राणी असतो. त्याच्या शेपटीत ताण ओळखणारी एक मज्जापेशी असते. ती सारखी निरोप पाठवीत राहते. फ्लोरी यांनी जनावरांच्या मेंदूचा अर्क तिच्यावर सोडला आणि ती गप्प झाली. अर्कातल्या त्या अज्ञात द्रव्याला त्यांनी 'आय घटक' असे नाव दिले. माँट्रियलला जाऊन एलियट व बेझमोर यांच्या सहकार्याने त्यांनी गाईबैलांच्या पुष्कळशा मेंदूंतून तो घटक शुद्ध करून काढला. १९५७ साली त्याचा सविस्तर वृत्तान्त प्रसिद्ध झाला. रॉबर्ट्स यांचा जांभळा ठिपका आणि फ्लोरी यांचा गप्प करणारा घटक एकच होते. गाबा!

या शोधाची किंमत काय, ते प्रयोगशाळेच्या बाहेर, पाळण्यात कळले. १९५० नंतरच्या दोनतीन वर्षांत अमेरिकेत काही तान्ह्या बाळांना आकडी येऊ लागली. मुले वजनाने चांगली, आईबाप जपणारे, घरात कुणाला अपस्मार नाही. पण दीडदोन महिन्यांचे मूल एकाएकी किरकिरे व्हायचे, जरा आवाज झाला की दचकायचे आणि मग आकडी. डॉक्टरांनी एकेका घराची चौकशी केली तेव्हा एक समान धागा सापडला. ही मुले डब्यात भरलेल्या एका विशिष्ट तयार द्रव दुधावर वाढत होती. दूध टिकावे म्हणून त्याला जी उष्णता दिली जाई तिच्यात त्यातले बी-सहा जीवनसत्त्व नष्ट होत होते. त्या जीवनसत्त्वाची सुई दिली आणि थोड्याच वेळात आकड्या थांबल्या.

याचे कारण गाबा. ग्लुटामेट हे मेंदूतील पेशींना चेतवणारे मुख्य द्रव्य. त्याच ग्लुटामेटपासून मेंदू एका पायरीत गाबा बनवतो, आणि त्या पायरीला बी-सहा जीवनसत्त्वाची मदत लागते. जीवनसत्त्व कमी पडले की गाबा कमी पडतो, कासरा सैल होतो आणि मेंदूतील पेशी एकमेकींना चेतवत सुटतात. वणवा पेटतो म्हणा ना. आपल्याकडे क्षयरोग्यांना आयसोनियाझिड हे औषध देताना त्याबरोबर बी-सहाची गोळी देतात, ती प्रामुख्याने हातापायांच्या नसा सांभाळण्यासाठी. पण आयसोनियाझिड चुकून फार मोठ्या प्रमाणात पोटात गेले तर आकडी येते, आणि तिच्यावरचा उतारा हेच जीवनसत्त्व. कारणही तेच.

इतके सारे झाले तरी जाणकारांचे समाधान नव्हते. कॅनबेराला एकल्स यांच्याच संस्थेत डेव्हिड कर्टिस मज्जारज्जूच्या पेशींवर गाबा सोडून पाहत होते. पेशी गप्प व्हायच्या, हे खरे. पण स्ट्रिक्निनने गाबाचे काम अडेना! मज्जारज्जूतला आवर स्ट्रिक्निनने अडतो हे तर शेरिंग्टन यांच्या काळापासून ठाऊक. मग गाबा हा खरा हुकूम कसा मानायचा? ही शंका रास्त होती, आणि तिने गाबाला काही वर्षे दाराबाहेर उभे ठेवले.

बोस्टनच्या शेवंडींनी पहिली साक्ष दिली. शेवंडीचे मज्जातंतू इतके जाड असतात की, चेतवणारा कोणता आणि थांबवणारा कोणता हे ओळखून एकेक तंतू सुटा काढता येतो. हार्वर्डच्या वैद्यकीय शाखेत एडवर्ड क्राविट्झ, स्टीफन कुफलर व त्यांचे सहकारी यांनी ते जिकिरीचे काम केले. थांबवणाऱ्या तंतूत गाबा खच्चून भरलेला निघाला, चेतवणाऱ्यात नगण्य. १९६६ साली त्यांनी हेही दाखवले की, थांबवणारा तंतू चेतवला की गाबा खरोखरच बाहेर पडतो. मांजराच्या मेंदूच्या बाह्य थरातही गाबा हुबेहूब स्वाभाविक आवरासारखे काम करतो, हे १९६७ साली क्रन्येविच आणि श्वार्ट्झ यांनी दाखवले.

आणि स्ट्रिक्निनचे कोडे? ते सुटले ते असे की, हुकूम एक नव्हे, दोन आहेत. मज्जारज्जूत आणि मेंदूच्या बुंध्याशी थांबवण्याचे पुष्कळसे काम ग्लायसिन नावाचे दुसरे, अगदी साधे ॲमिनो आम्ल करते. अमेरिकेत ॲप्रिसन व वर्मन यांनी १९६५ साली त्याकडे बोट दाखवले. स्ट्रिक्निन अडवते ते ग्लायसिनला, हे मग कर्टिस यांनीच दाखवले. १९७० साली त्यांना एका वनस्पतीतले बायक्युक्युलिन नावाचे द्रव्य सापडले, ते गाबाला अडवते. ज्या माणसाने शंका काढली त्यानेच ती फेडली.

आता आपण दाराशी आलो. गाबा किंवा ग्लायसिन फट ओलांडून जाते, ते पलीकडच्या पेशीवर कुठेही पडून चालत नाही. तिथे त्याच्यासाठी ठरावीक जागा असते. तिला शास्त्रीय भाषेत ग्राही म्हणतात. किल्लीला कुलूप, तसा गाबाला ग्राही. गाबाचे जे मुख्य ग्राही, त्यांत कुलूप आणि दार एकाच प्रथिनाचे असते. पाच तुकडे वर्तुळात उभे करावेत आणि मधोमध बोगदा राहावा अशी त्याची रचना. गाबाचे दोन कण आपापल्या खाचेत बसले की बोगदा सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता उघडतो आणि क्लोराइड आत धावतो. याने दोन गोष्टी होतात. एक तर पेशी अधिक ऋण होते. दुसरे म्हणजे, चेतवणारा निरोप आलाच तर त्याचा जोर या उघड्या बोगद्यांतून वाया जातो. पाटाला मध्येच भगदाड पडले की पुढच्या शेताला पाणी पोचत नाही, तसेच हे.

१९८० च्या सुमारास लंडनमध्ये नॉर्मन बावरी यांनी गाबाचा दुसऱ्या प्रकारचा ग्राही उजेडात आणला. तो स्वतः बोगदा नव्हे. तो पेशीच्या आत सांगावा धाडतो, मग पोटॅशियमची वेगळी दारे उघडतात. काम सावकाश, पण जास्त वेळ टिकणारे. आखडलेल्या स्नायूंसाठी बॅक्लोफेन नावाचे जे औषध देतात, ते याच ग्राहीवर काम करते. बर्लिनच्या नव्हे, पण युरोपातल्या जर्मन संशोधकांनी १९८२ साली ग्लायसिनचा ग्राही पेशीतून वेगळा काढला, तो कसा ठाऊक आहे? स्ट्रिक्निनचाच गळ टाकून! काजऱ्याच्या बीतल्या ज्या विषाने माणसे मेली, त्यानेच शेवटी कुलूप हाती दिले. १९८७ साली गाबा व ग्लायसिन दोन्हींच्या ग्राहींची जनुके वाचली गेली, आणि ही दोन्ही एकाच घराण्यातली असल्याचे दिसले. माणसात गाबाच्या या पाच-तुकडी ग्राहीच्या तुकड्यांची १९ जनुके आहेत. २०१४ साली अशा एका ग्राहीची घडण अणूच्या बारकाव्याने दिसली.

आता एक गोष्ट आपल्या घरापर्यंत येणारी. झोपेची किंवा चिंता घालवणारी गोळी पुष्कळांच्या ओळखीची असते. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञांनी अमेरिकेत शोधलेली अशी पहिली गोळी १९६० साली आणि तिची प्रसिद्ध धाकटी बहीण, व्हॅलियम, १९६३ साली बाजारात आली. कोट्यवधी लोकांनी त्या घेतल्या. पण त्या मेंदूत नेमके काय करतात हे कळायला १९७५-७७ साल उजाडले. या गोळ्या गाबाच्या ग्राहीवरच, पण वेगळ्या खाचेत बसतात. स्वतः दार उघडत नाहीत. गाबा आला की ते अधिक वेळा उघडेल एवढे करतात. जुन्या बार्बिट्युरेट गोळ्या मोठ्या मात्रेत गाबावाचूनही दार उघडतात, म्हणून त्या अधिक घातक. पण नव्या गोळ्या निर्धोक आहेत असे मात्र कुणी समजू नये. दारू किंवा अफूच्या जातीचे औषध यांच्या जोडीला त्या घेतल्या तर श्वास मंदावतो. पुष्कळ दिवस घेतल्या तर मेंदू त्यांच्या भरवशावर राहायला शिकतो, आणि एकाएकी बंद केल्या तर सैल सुटलेल्या कासऱ्याने आकडीही येऊ शकते. शेजाऱ्याला मानवली म्हणून गोळी घेऊ नये, आणि डॉक्टरांना न विचारता सोडूही नये, ते यासाठी.

धनुर्वाताचे उत्तर सर्वांत शेवटी आले. १९९२ साली इटलीतील पादुआ येथे माँतेकुक्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, हे विष एका प्रथिनाचा तुकडा पाडणारी कात्री आहे. मज्जापेशी ज्या पिशव्यांत गाबा आणि ग्लायसिन भरून ठेवते त्या पिशव्या बाहेर रिकाम्या करायला लागणारे प्रथिन ती कापते. म्हणजे आता आपले सुरुवातीचे कोडे पुरे सुटले. स्ट्रिक्निन कुलपात खडा घालते, आणि धनुर्वाताचे विष किल्ली देणाऱ्याचा हातच बांधते. वाटा दोन, परिणाम एक. हुकूम पोचत नाही.

हे ज्ञान होण्याच्या कितीतरी आधी लस आली होती. आईला लस आणि बाळाची नाळ कापायला स्वच्छ पाते, या दोन साध्या गोष्टींनी आपल्या देशात हजारो बाळे वाचली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहूनही कमी रोगी. मातीतला जंतू मात्र आहे तिथेच आहे, म्हणून लस आणि स्वच्छता सोडून चालणार नाही.

श्रोतेहो, मेंदूच्या बाह्य थरातल्या मज्जापेशींपैकी साधारण पाचवा हिस्सा केवळ थांबवण्याच्या कामाला वाहिलेला आहे. आपण सुईत दोरा ओवतो, गर्दीत एकाचेच बोलणे ऐकतो, रात्री शांत झोपतो, ते या पाचव्या हिश्शाच्या जिवावर. आपल्याला काम दिसते ते चालणाऱ्याचे. थांबवणाऱ्याचे काम दिसत नाही, तो थांबला की मगच कळते. सेचेनोव्ह यांनी बेडकाच्या पायावरून हे ओळखले होते. आणि एकल्स यांनी तर आपल्या स्वतःच्या आवडत्या मताला वेळेवर आवर घालून दाखवला. या हकीकतीत मला तरी तोच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो.